स्वेच्छेने पत्करलेला धोका

खारशेतच्या धक्क्यावरून बोट सुटायची तर आधी अगरबत्ती, मग पेटी. अगरबत्ती एकवीरेच्या फोटोला, आणि पेटीला बोट हाकणाऱ्या तांडेलाचा अंगठा. अंगठा टेकला की केबिनमधून एका बाईचा सौम्य, धुतल्या तांदळासारखा आवाज यायचा: "सुप्रभात, तांडेल. आपले संरक्षण चालू आहे." खलाशी तिला विमावहिनी म्हणायचे. खणात बर्फ भरता भरता तिची थट्टा करायचे, जेवलीस का गो, म्हणून विचारायचे. वहिनी कधी उत्तर देत नसे.

सरकारी भाषेत तिचं नाव साक्षीपेटी. बोटीच्या विम्याची अख्खी पॉलिसी त्या पेटीत जिवंत असायची. बोट कुठे आहे, वारा किती, इंजिनाचा ताप किती, केबिनमध्ये कोण काय बोललं, वायरलेसवर काय आलं, सगळं ती ऐकायची, बघायची आणि पॉलिसीच्या शब्दांशी ताडून जागच्या जागी निर्णय द्यायची. पूर्वी भरपाईसाठी लोकांच्या चपला झिजायच्या. आता बुडालेल्या बोटीचा मालक ओल्या कपड्यांनी घरी पोचायच्या आत पैसे खात्यात जमा व्हायचे. खोटं कशाला बोलायचं, पेटीने लोकांचं भलंही केलं होतं.

आणि ती पेटी आणायला जे लोक मुंबईच्या मैदानात उन्हात बसले होते, त्यांत पहिल्या रांगेत दर्शना पावशे होती. दर्शना म्हणजे खारशेत मच्छीमार सोसायटीची चेअरमन. पन्नाशीला आलेली, आवाजाने खणखणीत. बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर सोसायटीची वायरलेसची खोली होती, तिथे दिवसभर तिचाच मुक्काम. मोठ्या वादळाच्या साली एकाच बंदरातल्या चार बोटी एकाच लाटेने फुटल्या आणि चार कंपन्यांच्या चार बारीक अक्षरांतल्या कागदांनी चार वेगळे निकाल दिले, तेव्हा तिनेच घोषणा दिली होती: एकच कागद, एकच अर्थ. सरकारने ऐकलं. एकमसुदा कायदा आला. देशभर सगळ्या कंपन्यांनी एकच प्रमाण मसुदा वापरायचा. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, कंपनीच्या फायद्यासाठी नाही आणि गिऱ्हाइकाच्याही नाही. त्या दिवशी खारशेतने पेढे वाटले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला तिला सख्खा भाऊ गमवावा लागला.

खारशेतचा एक रिवाज होता. वायरलेसवर कुणाची हाक आली की 'कोण जातंय?' असं विचारायचं नाही, आणि 'तू जा' असं तर मुळीच म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे तांडेलाचा अपमान. तो काय जाणार नव्हता? जो जवळ असेल त्याने जाळ्याची दोरी कापायची, बोट वळवायची आणि वायरलेसवर एकच शब्द बोलायचा: आलो. मग कापलेल्या जाळ्याचं कुणी कुणाला बोलून दाखवायचं नाही. दुसऱ्या बंदरातल्या लोकांना हे वेडेपण वाटे. खारशेतच्या लोकांना त्यात सांगण्यासारखं काही आहे, असंही वाटत नसे.

दर्शनाचा धाकटा भाऊ कल्पेश असाच गेला. श्रावणातलं उधाण होतं. शेजारच्या गावची एक होडी खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर आपटली. हाक आली आणि कल्पेशने 'आलो' म्हटलं. चार माणसं त्याने दोरीने आपल्या बोटीवर ओढून घेतली, पुढे होडी ओढून न्यायला आलेल्या दुसऱ्या बोटीकडे सोपवली, आणि परत फिरताना त्याचीच बोट दांड्यावर आडवी झाली. खलाशी पोहून आले. कल्पेश दोन दिवसांनी सापडला.

पैसे खात्यात आले नाहीत. पेटीचा निर्णय आला: कलम अकरा, स्वेच्छेने पत्करलेला धोका, भरपाई देय नाही.

दर्शनाला आधी वाटलं, यंत्र कुठेतरी चुकलं असेल. ती मुंबईला मसुदा प्राधिकरणात गेली, सोबत कल्पेशची बायको भाविका. उंच इमारतीतली थंडगार खोली. समोर केळुसकर नावाचा तरुण अधिकारी आणि शेजारी विमा कंपनीची ऋजुता मराठे. केळुसकर माणूस वाईट नव्हता. त्याने उठून खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि मग नियम म्हणून कल्पेशच्या पेटीतलं ध्वनिमुद्रण लावलं. पाण्याच्या धबाबा आवाजातून आधी विमावहिनी बोलली: तांडेल, आपण लाल पट्ट्यात शिरत आहात, बचाव केंद्राचा आदेश आलेला नाही, पुढे गेल्यास संरक्षण थांबेल, पुढे जायचे आहे का? मग कल्पेशचा आवाज आला, नेहमीचा, हसरा.

"व्हय गो बाय, जायचंय. तिकडं माणसं बुडतायत. तू जरा गप राहा."

भाविकाने पदर तोंडात कोंबला. केळुसकरने मान खाली घालून समजावून सांगितलं. कलम अकरा दारू पिऊन बोट हाकणाऱ्यांसाठी होतं, वादळाचा बावटा लागलेला असताना पापलेटच्या हावेने बाहेर पडणाऱ्यांसाठी होतं. बचावाला जाणाऱ्यांसाठी मसुद्यात सूट होतीच. पण ती आदेशावरून जाणाऱ्यांना. स्वेच्छेने याचा अर्थ मसुद्यातच दिलेला होता: कोणाच्याही आदेशाविना, सक्तीविना अथवा धमकीविना. कल्पेशला आदेश नव्हता. कोणी सक्ती केली नव्हती. पेटीने विचारलं आणि त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं.

मराठेबाई म्हणाली की कंपनी पैसे द्यायला आनंदाने तयार आहे, वर्तमानपत्रात फोटोही छापून येतील, पण मसुद्याबाहेर एक पैसा दिला तरी परवाना जातो. आणि मसुदा बदलायचा तर गुजरातपासून बंगालपर्यंत सगळ्या किनाऱ्याचा बदलावा लागेल. त्याला दोन-तीन वर्षं तरी धरून चालावं.

"ताई," केळुसकर म्हणाला, "आज तुमच्या भावासाठी मी एक शब्द वाकवला, तर उद्या कंपन्या आपल्या सोयीचे शंभर वाकवतील. हेच थांबवायला तुम्ही मैदानात बसला होतात. तांडेलांना एवढंच सांगा की केंद्राच्या आदेशाची वाट बघा. सहा मिनिटांत येतो आदेश."

"आणि माणूस बुडतो किती मिनिटांत?" दर्शनाने विचारलं.

केळुसकरने समोरची फाइल मिटली. तिला वाटलं टेबलावरचा चहा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतावा. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे काय, ते तिला त्या थंड खोलीत कळलं. चोर असता, लबाड असता, तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण हा सज्जन माणूस तिचीच घोषणा तिला ऐकवत होता आणि तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा लागत होता.

कायद्याप्रमाणे प्रत्येक निकाल देशातल्या सगळ्या पेट्यांत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून दाखवला जातो, म्हणजे पुढच्यांना शहाणपण यावं. कल्पेशचाही गेला. खारशेतच्या धक्क्यावर बोटी सुटायच्या वेळी तीसेक केबिनमधून विमावहिनीचा तोच गोड आवाज एकदम निघाला: तांडेल कल्पेश यांनी धोका स्वेच्छेने पत्करला, सबब भरपाई देय नाही. त्या दिवशी तिची कोणी थट्टा केली नाही.

त्यानंतर गावात कोणी मोठ्याने काही बोललं नाही, पण घराघरांत बोलणं झालं. भाविका कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाऊ लागली. पहाटे डोक्याला फडकं बांधून ती कंपनीच्या गाडीत चढायची, आणि बाकीच्या बायका ते दारातून बघायच्या. बघायच्या आणि आत जाऊन नवऱ्याला आपल्या हातावर हात ठेवायला लावायच्या. आदेश आल्याशिवाय दोरी कापायची नाही, माझी शपथ. दर्शनाला सगळं कळत होतं. ती एकेकीला गाठून झापणार होती. पण कोणत्या तोंडाने? भाविकाच्या बोटांना कोळंबीच्या काट्यांनी चिरा पडलेल्या असायच्या, आणि त्या सगळ्यांना दिसायच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. ती वायरलेसच्या खोलीत बसून राही आणि कलम अकरा पुन्हा पुन्हा वाची. त्याचा शब्द न् शब्द तिला पाठ झाला. जेवताना पाठ, झोपेत पाठ. सरकारला पत्रं लिहून झाली, आमदाराच्या दारात बसून झालं. सगळे म्हणायचे, तुमचं म्हणणं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणणाऱ्यांचाच तिला जास्त राग यायचा.

मग दिवाळीनंतरची ती सकाळ. समुद्र पाटासारखा सपाट, ऊन कोवळं. मितेश तांडेलाची हाक आली, तीसुद्धा अर्धी. इंजिनाला आग लागलीय, डिझेल पेटलंय, आम्ही पाच जण पुढच्या टोकाला, नाळेवर आहोत. दर्शनाने पडद्यावर पाहिलं. बोटींचे ठिपके तिथे दर दहा मिनिटांनीच सरकायचे. मितेशच्या आसपास खारशेतच्याच तीन बोटी होत्या, त्यातली जितेशची सगळ्यांत जवळ. तिने माइक उचलला नाही. रिवाजच नव्हता तो. ती 'आलो' ऐकायची वाट बघत राहिली.

कोणी बोललं नाही.

केंद्राचा यांत्रिक आवाज आला, विनंती नोंदवली आहे, धोक्याचे मूल्यमापन चालू आहे. त्याच्यामागे नुसती खरखर. तिन्ही बोटींवरची माणसं तिला ठाऊक होती, बारशापासून ठाऊक होती. कोणी भेकड नव्हता. तिन्ही केबिनमध्ये आत्ता विमावहिनी विचारत असेल, पुढे जायचे आहे का? आणि तिन्ही तांडेल ओठ आवळून उभे असतील, डोळ्यांसमोर कारखान्याच्या गाडीत चढणारी भाविका. मितेश पुन्हा ओरडला. या वेळी त्याने बंदराचं नाव घेतलं नाही, बोटीचं घेतलं नाही, आईला हाक मारली.

दर्शनाला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. भावाच्या चितेशी नाही, मुंबईच्या त्या खोलीत नाही. मसुद्यावरचा, पेटीवरचा, स्वतःच्या त्या घोषणेवरचा, गप्प बसलेल्या आपल्याच पोरांवरचा सगळा राग एकदम घशाशी आला, आणि त्या रागातच तिला कलम अकराचे पाठ झालेले शब्द आठवले. आदेशाविना, सक्तीविना अथवा धमकीविना. आदेश द्यायचा अधिकार तिला नव्हता. धमकी द्यायला अधिकार कशाला लागतो?

तिने माइकचं बटण दाबलं.

"सगळ्यांच्या पेट्या ऐकतायत ना? मग नीट ऐका. मी दर्शना पावशे, खारशेत सोसायटीची चेअरमन. ही धमकी आहे. जो आत्ता आगीकडे वळणार नाही, त्याचं म्हावरं या धक्क्यावर उतरणार नाही. त्याला बर्फ नाही, डिझेल नाही, आणि त्याच्या पोरीच्या लग्नात गावातलं कुत्रंसुद्धा जेवायला जाणार नाही. नाही गेलात तर मी तुम्हाला देशोधडीला लावीन, आईची शपथ."

क्षणभर खरखर. मग एका बोटीच्या माइकमधून मागे विमावहिनी ऐकू आली: सक्ती नोंदवली, आपले संरक्षण चालू आहे. आणि लगेच दोन आवाज, एकात एक मिसळलेले, रडवेले: "आलो. आलो."

तिसरा आवाज आला नाही. जितेशचा. दर्शनाने त्याला मनातल्या मनात अशी शिवी घातली, की ती इथे लिहिता येणार नाही.

पण सगळ्यांच्या आधी पोचला तो जितेशच. पाचही माणसं वाचली. शेवटच्याला ओढून घेताना मितेशच्या बोटीची टाकी फुटली आणि आग जितेशच्या बोटीवर आली. खलाशांनी उड्या टाकल्या. जितेशचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याची बोट दुपारपर्यंत जळत होती, धक्क्यावरून धूर दिसत होता.

त्या दोन बोटींच्या पेट्यांना काही शंका नव्हती. जितेशच्या पेटीने मात्र जळण्याआधी प्राधिकरणाला निर्णय पाठवला होता: अनिर्णित, मानवी सुनावणी आवश्यक. आणि सोबत दर्शना पावशे हिच्याविरुद्ध तक्रार, सागरी वायरलेसवरून धमकी दिल्याची.

पुन्हा तीच थंड खोली, तोच केळुसकर. तो या काही महिन्यांत थोडा वाळला होता. तिच्यावरचा आरोप त्याने आधी वाचला, आणि ती म्हणाली, कबूल. पद जाईल, फौजदारी खटला चालेल, असं त्याने सांगितलं, त्यालाही ती हो म्हणाली. तिला घाई होती. जितेशची बायको इस्पितळात त्याला भरवत होती, कारण त्याला घास धरता येत नव्हता. बोट गेलेली. यापुढे ते हात जाळं ओढतील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. तिला फक्त त्याचा निकाल हवा होता.

केळुसकरने भिंतीवरच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा लावला. तीन बोटींच्या तीन रेषा. दोन रेषा एका जागी वळत होत्या, आणि तिथे तिच्या धमकीची वेळ लिहिलेली होती. तिसरी रेषा त्याच्या आधीच वळलेली होती. बरीच आधी. मितेशने पहिली हाक मारली, जवळजवळ तिथूनच.

"पेटीने त्यांना विचारलं होतं, पुढे जायचं आहे का," केळुसकर म्हणाला. "त्यांनी उत्तर दिलं नाही. एक शब्द बोलले नाहीत. नुसती बोट वळवली."

दर्शना त्या रेषेकडे बघत राहिली. तिच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. कल्पेश गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणजे त्या भयाण शांततेत, ती एकेकाला मनातून शिव्या घालत असताना, एक जण निघालेला होता. कुणी न सांगता. तोंडाने हो म्हणाला म्हणून कल्पेशचा घात झाला, असं सगळं गाव समजत होतं. तसाच समज करून घेऊन जितेशने तोंड शिवून घेतलं होतं आणि तो आगीत गेला होता. तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या गावात एक तरी. तिला वाटलं हे धावत जाऊन धक्क्यावर सगळ्यांना ओरडून सांगावं.

मग केळुसकरचा चेहरा तिला दिसला, आणि तिला कळलं की आपण कशाचा आनंद करतोय.

त्याने हळूच विचारलं, की वायरलेसवरच्या धमकीच्या आधी जितेश यांना कोणी बजावलं होतं का? समोरासमोर, धक्क्यावर, कुठेही? साक्ष पुरेशी आहे. नसेल, तर कलम अकरा. विचारताना तो तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याला उत्तर काय हवं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एवढा कायद्याचा माणूस, तोही आता तिला खोटं बोल म्हणून विनवत होता. तिला त्याची दया आली नाही. अशी कशी ही पॉलिसी, की तिच्यात हुकमाने जाणाऱ्याला जागा आहे, धमकावलेल्याला जागा आहे, आणि आपणहून धावणाऱ्या माणसाला तेवढी नाही? या लोकांनी चांगुलपणाला असा कोपऱ्यात गाठला होता, की त्याला वाचवायचा तर आधी तो नव्हताच असं शपथेवर सांगावं लागत होतं.

"होतं बजावलेलं," ती म्हणाली. "मीच. त्या दिवशी पहाटे, धक्क्यावर. तो जायला तयार नव्हता. म्हटलं, हाक आली आणि नाही गेलास, तर तुला गावात राहू देणार नाही. घाबरला तो. म्हणून वळला."

केळुसकरने टाइप केलं. भिंतीतून तो ओळखीचा गोड आवाज आला. तांडेल जितेश यांनी धोका धमकीमुळे पत्करला, स्वेच्छेने नव्हे, सबब भरपाई देय आहे. निकाल उद्या सकाळी सर्व पेट्यांमध्ये प्रसारित होईल.

ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा पैसे जमा झालेले होते, पेटीचं काम चोख. फोन वाजला. इस्पितळातून जितेशची बायको होती, रडत होती, हसत होती, आता बोट परत होईल म्हणत होती. मग म्हणाली, थांब ताई, याला बोलायचंय, मी कानाला धरते. जितेशचा आवाज औषधांनी जड झालेला होता, पण त्यात एक लहान मुलासारखी खुशी होती.

"ताई, तू माझ्यावर चिडली असशील, आलो म्हटलं नाही म्हणून. पेटी ऐकते, म्हणून गप राहिलो. पण तुझ्या धमकीच्या कितीतरी आधी मी वळलो होतो गो. पोरं विचारतील, तर त्यांना कळायला पाहिजे. एवढं तरी सांगितलंस ना त्या साहेबांना?"